डावा हात खिशात

"माझा पिठाचा डबा कुठंय?" बायकोने विचारलं.

"शाळेत चाललाय," झटका म्हणाला.

"आणि टीव्ही मागून पोकळ का दिसतोय?"

"त्याचं काळीज काढलंय. तेही शाळेत चाललंय."

"डबे कसले धाडताय? तुम्हीच गेला असतात वेळेवर, तर दहावी तरी झाली असती."

झटका हे नाव गल्लीने ठेवलेलं. टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं त्याच वर्षी पठ्ठ्याने चालू टीव्हीत दोन्ही हात घातले आणि थेट मागच्या फळीवर, गिऱ्हाइकाच्या मिक्सरशेजारी जाऊन बसला. तेव्हापासून टीव्ही उघडला की डावा हात खिशात. एका हाताने शिरलेली वीज दुसऱ्या हाताने निघाली, तर वाटेत काळीज लागतं. सवय इतकी मुरली की लग्नाच्या फोटोतही डावा हात खिशातच. मित्र हसले, तर म्हणाला, "नवीन मशीन आहे, अंदाज यायचाय."

आता जुने डबडे टीव्ही कुणी आणत नव्हतं. लोक यायचे ते रिमोटचे सेल मागायला.

लेक शाळेत विज्ञान शिकवायची. तिथे एक बंद काचेची नळी होती, भरपूर व्होल्टची वीज सोडली की जांभळी उजळणारी. नळीला ही वीज पुरवणारा सप्लाय जळाला. मुख्याध्यापक म्हणाले, नळीच भंगारात काढा. लेक सगळ्या शिक्षकांसमोर बोलून बसली, "माझे बाबा सप्लाय बनवतील." आता बापाची अक्कल आणि लेकीचा शब्द, दोन्ही त्या पिठाच्या डब्यात होते. आत घरच्या टीव्हीचा ट्रान्सफॉर्मर, बंद पडलेल्या दिव्यांची सर्किटं, वर रेडिओचं बटण.

प्रयोगशाळेत सगळे शिक्षक जमले. मुख्याध्यापक अगदी पुढे, झटका मागे दाराशी. टकलावरून आडवे नेलेले पाचसहा केस त्यांनी चापून बसवले होते. लेकीने बटण फिरवलं. डबा गुणगुणला. नळी ढिम्म.

"भंगार ते भंगारच," मुख्याध्यापक म्हणाले.

झटक्याने ओळखलं. वायर सुटली असणार. आता घाईत पोरगी दोन्ही हात आत घालणार. ओरडायला त्याने तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं.

लेकीने आधी प्लग काढला. वायर बांधलेला स्क्रूड्रायव्हर आत टेकवून उरलीसुरली वीज उतरवली. टक् आवाज झाला. मग डावा हात ॲप्रनच्या खिशात गेला आणि उजव्या हाताने तिने वायर बसवली. हे त्याने तिला कधी शिकवलं नव्हतं. लहानपणी दुकानात स्टुलावर बसून ती फक्त खाऊ खायची, असं त्याला वाटायचं.

तिने पुन्हा बटण फिरवलं. नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत जांभळी झाली. डब्याकडे वाकलेल्या मुख्याध्यापकांचे ते पाचसहा केस ताठ उभे राहिले.

"सर, मानवंदना दिलीत," झटका म्हणाला.

"केवढ्याला विकत आणलंत हो हे?" त्यांनी केस बसवत विचारलं.

"विकत नाही, सर," लेक म्हणाली. "बाबांनी बनवलंय. आईचा डबा आहे, तेवढा परत द्यायचाय."

शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. झटक्यालाही वाजवायच्या होत्या, पण डावा हात काही खिशातून निघेना.