डंक्यावर पडलेला घण

मित्रांनो, कुटणे हाच माझा जन्मापासूनचा धंदा. विजेवर चालणारा, मिरची कुटणारा मी एक जुना डंका. खामगावच्या एका लहान कारखान्यात मला लाल होईपर्यंत तापवले, घणाने बडवले, कापले आणि पुन्हा जोडले. तिथून मी धामणगाव बढ्याला, कोकिळाबाईंच्या पत्र्याच्या खोलीत आलो. माझी मुसळे वर जातात आणि उखळातल्या मिरच्यांवर कोसळतात. साल फाटते, बिया फुटतात, जवळ उभ्या असलेल्यांचे घसे सोलवटतात. चक्कीच्या मानाने माझ्यात मिरची कमी तापते, म्हणून तिचा वास टिकतो. बाया समोर उभ्या राहून तिखट कुटून घेत आणि माझे कौतुक करत.

माझे सर्वांत मोठे गिऱ्हाईक गोविंदा. बसस्टँडजवळ त्याचे भाजी-भाकरीचे हॉटेल आहे. मिरची तो गावातल्या उकंडरावांकडून घेई. लागेल तेवढीच आणायची आणि लगेच कुटायची, त्यामुळे साठवून काही खराब होत नसे. माल वाईट निघालाच, तर भांडायला माणूस हाकेवर. यंदा गोविंदाच्याच शब्दावर उकंडरावांनी कपाशी सोडून सगळ्या शेतात मिरची लावली. तोडणी झाली आणि गोविंदाने कुठल्या तरी लांबच्या शीतगृहातली स्वस्त पोती आणली.

ती मिरची दमट होती. मुसळांना चिकटून बसे. मी तिला चिरडत असतानाच उकंडराव दारात आले. हातात विहिरीच्या कामावरचा घण.

"कोणाची मिरची हाय बे हे?"

"स्वस्त भेटली, भाऊ. माहा बी धंदा हाय," गोविंदा म्हणाला.

"अन् मी तुह्या शब्दाचं काय लोणचं घालू?"

"घाला ना. तिखट तं तुमच्याजवळ लय हाय."

उकंडरावांनी घण टाकला आणि त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. ओठ फाटला, डोळा सुजला. गोविंदाने त्यांना पोत्यांवर आदळून गळा दाबला. दोघांच्या डोळ्यांत तिखट गेले, तरी न बघता ठोसे चालूच. कोकिळाबाईंनी धावत जाऊन वीज तोडली. तेवढ्यात उकंडराव सुटले, घण उचलला आणि परकी मिरची कुटतो म्हणून माझ्यावरच घातला. पहिल्या घावात उखळाचा काठ उडाला, दुसऱ्यात मुसळ वाकले. तिसऱ्याला कोकिळाबाई आडव्या आल्या.

"माह्या डोक्यात घाला आता. मंग तुमची मिरची कुठी कुटसान, भाऊ? दातानं?"

घण हळूहळू खाली आला. गावात दुसरा डंका नव्हता.

मी मोडलो आणि मार सगळ्यांनाच बसला. गोविंदा तयार पुड्या आणू लागला. उजेडात राहून त्यांचा रंग उडालेला. भाजी लाल करायला दुप्पट पूड लागे, तरी चव येईना. लोक ताट सरकवून उठू लागले. उकंडरावांची मिरची पत्र्यांवर पडून राहिली, कारण कुटायची सोय नाही म्हणून बाया अख्खी मिरची घेईनात. कोकिळाबाईंच्या दाराला कुलूप लागले.

शेवटी त्यांनीच दोघांना बोलावले. "एकानं मोडला, एकाच्या पायी मोडला. उचला."

एका बाजूने गोविंदा, दुसऱ्या बाजूने उकंडराव. एकमेकांकडे न बघता त्यांनी मला गाडीवर चढवले आणि वेल्डिंगला नेले. पुन्हा आग, पुन्हा घाव.

आता गोविंदा पुन्हा उकंडरावांचीच मिरची घेतो आणि मी ती कुटतो. पण ते दोघे अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

"वहिनी, त्याहिले सांगा, देठं नीट खुडत जा म्हना," गोविंदा कोकिळाबाईंना म्हणतो.

"त्याले सांगा, डोळा उघडला असन तं सोताच खुड म्हना."

मित्रांनो, घरात तिखट आले की ते कुणाच्या शेतातले, हे विचारा. जवळचे घेतले तर शेत, डंका आणि हॉटेल एकमेकांना धरून उभे राहतात. एक पाडला की बाकीचेही पडतात, हे मी पडून पाहिले आहे. माझ्या उखळाच्या काठावर अजून जाड व्रण आहे. कधी आलात तर हात लावून पाहा, फक्त आधी बटण बंद करा.