चौदा नंबरची चाल

सन एकोणीसशे शहाऐंशी, हिवाळा, जानेवारीचा पहिला सोमवार. त्या दिवशी मला खोक्यातून काढून विद्यापीठाच्या भाषा प्रयोगशाळेत बसवलं. मी टेपरेकॉर्डर बोलतोय, चौदा नंबर. आज प्रयोगशाळेची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या कपाटावर आहे. धूळ बसू नये म्हणून त्यांनी आपला जुना शर्ट अंगावर टाकलाय. तक्रार नाही.

मला इंग्रजी येत नाही. जन्मभर तेच ऐकलं, तेच बोललो, अर्थ एका शब्दाचा कळला नाही. त्यात कमीपणा वाटत नाही. ऐकलेलं जसंच्या तसं परत द्यायचं, हे माझं काम. माणसांना तेवढंही जमत नाही.

खोलीत लाकडी फळ्या ठोकून वीस खोपे केले होते. प्रत्येकात एक यंत्र, एक खुर्ची, कानाला लावायचे हेडफोन. कॅसेटमधला साहेब एक वाक्य म्हणून थांबायचा. तो थांबला की विद्यार्थ्याने तेच म्हणायचं. मी ते भरून घ्यायचो आणि ऐकवायचो. स्वतःचा आवाज ऐकताना माणसाचं तोंड कसं होतं ते मी रोज पाहिलंय. चांगले उंचपुरे गडी खुर्चीत बुडायचे. एकाने तर मागे वळून पाहिलं, हा कोण बोलला म्हणून.

दहा वर्षं खंड न पाडता काम केलं. मग माझा आतला पट्टा सैल झाला. चाकं सावकाश फिरू लागली. साहेबाचा आवाज जाड झाला, वाक्यं लांबली.

"चौदावर नको बसू रे," पोरं म्हणायची, "साहेब जेवून आडवा झालाय."

मी ऐकून घेतलं. नव्या पट्ट्यासाठी कुणापुढे हात पसरणाऱ्यातला मी नाही.

त्याच सुमारास काकू माझ्यासमोर आल्या. वर्गातल्या पोरी त्यांना काकू म्हणायच्या, म्हणून मीही. वय बेचाळीस, स्वतःचं शिलाईचं दुकान. दोन मुलींची लग्नं उरकून पदवीला नाव घातलेलं. बाकीचे विषय सुटले होते. इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत मात्र दोनदा नापास. तिसऱ्यांदा नापास झालं तर नाव कायमचं कापायचं, असा नियम होता. हीच तिसरी खेप.

काकूंचा दोष एकच. बोलायला तोंड उघडलं की सुटका करून घ्यायची घाई. मागचा शब्द पुढच्याच्या पाठीवर आदळायचा.

त्या दिवशी बाकीचे खोपे भरलेले, म्हणून त्या नाइलाजाने माझ्याकडे बसल्या. साहेब रेंगाळत बोलला. काकूंनी हेडफोन कानावर दाबून धरले, मग त्याच चालीने वाक्य म्हटलं. शब्द दोऱ्यातून सुटलेल्या बटणांसारखे एकेक वेगळे पडले. त्यांनी ते पुन्हा ऐकलं आणि चष्मा पुसला.

तेव्हापासून रोज दुपारी एक ते दोन, दुकान मिटवून त्या यायच्या.

मार्चमध्ये प्रयोगशाळेच्या मॅडमनी भंगाराची यादी केली. "चौदा लिहा," त्या मिस्त्रींना म्हणाल्या.

काकू खोप्यातून उठल्या. "मॅडम, परीक्षेपर्यंत राहू द्या."

"अहो, तो नीट चालत नाही."

"मी तरी कुठे नीट चालतेय? जोडी जमलीय."

मॅडम हसल्या नाहीत, पण नंबर खोडला. मिस्त्री पेचकस घेऊन पुढे झाले. "मग निदान पट्टा तरी बदलतो, ताई."

"हात लावाल तर खबरदार. परीक्षा झाली की घाला."

आजवर माझ्यासाठी कुणी भांडलं नव्हतं. हे ऋण मी लक्षात ठेवलं.

परीक्षा अशी असे. प्रत्येकाने आपापल्या खोप्यात बसून पाच मिनिटं बोलायचं आणि कॅसेट मॅडमच्या हवाली करायची. दुसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलावरच्या मोठ्या यंत्रावर ती वाजायची. विद्यार्थी समोर बसलेला. ऐकायला मॅडम आणि बाहेरून आलेला परीक्षक. तो परदेशी, मराठी त्याला अजिबात कळत नव्हती.

काकू बोलल्या त्या अर्थातच माझ्यावर. छान बोलल्या, न अडता.

दुसऱ्या दिवशी त्यांची कॅसेट वाजली आणि मोठ्या यंत्रातून उंदरांचं भांडण ऐकू आलं. माझी चाल मंद, त्या यंत्राची नेमकी. माझ्यावर सावकाश भरलेलं तिकडे पळत सुटलं. मॅडमच्या ध्यानात आलं नाही, मिस्त्रींच्याही नाही. परीक्षकाने मान हलवून पेन उचललं.

काकू उभ्या राहिल्या. दुकानातून तशाच आल्या होत्या, मेजरटेप गळ्यातच होती. ती त्यांनी टेबलावर पसरली आणि परीक्षकाशी इंग्रजीत बोलू लागल्या. सावकाश. माझ्या चालीने. त्या काय म्हणाल्या ते मिस्त्रींनी मॅडमना विचारून घेतलं आणि मला पुसताना सांगितलं.

"ही माझी टेप ताणून बोटभर लांब झालीय. हिनेच माप घेते, हिनेच कापते, म्हणून कपडा अंगात बसतो. दुसरीने कापला तर वाया जाईल. माझं माप चौदा नंबरने घेतलंय. चौदा नंबरनेच तपासा."

परीक्षकाने पेन खाली ठेवलं.

मिस्त्रींनी मला उचलून मॅडमच्या टेबलावर ठेवलं. तिथे मी पहिल्यांदाच बसत होतो. वायर जोडली, कॅसेट घातली, बटण दाबलं.

मी पाच मिनिटं बोललो. एक शब्द गाळला नाही, एक उरकला नाही. आवाज काकूंचा, अगदी त्यांच्या घशातून निघाला होता तसा.

परीक्षकाने गुण लिहिले. मॅडमनी कागद पाहिला आणि त्या वर्षात पहिल्यांदा हसल्या. कागद त्यांनी काकूंकडे सरकवला.

काकूंनी तो दोनदा वाचला. मग मेजरटेप गळ्यात घातली आणि मिस्त्रींकडे वळल्या.

"आता घाला पट्टा."

ऋण फिटलं.