उतरायचं नसतं

विजयसिंह महिन्यातून एकदा पुण्याहून वडगाव निंबाळकरला यायचा. यायचा म्हणजे काय, फाटकापर्यंत यायचा. इंजिन चालू ठेवून साहेब हॉर्न वाजवणार, आणि आईनं, मुक्ताबाईंनी, तूप, शेंगा, गावरान अंडी घेऊन पळत जायचं, काचेतून आत द्यायचं. घरात लकव्यानं खाटेला खिळलेले मानसिंगराव दर खेपेला विचारायचे, "आला का गं?" चार महिने त्यांनी लेकाचं तोंड पाहिलं नव्हतं. आज काही झालं तरी त्याला घरात आणायचंच, असं मुक्ताबाईंनी मनाशी धरलं होतं.

आज तो आईचे डोळे दाखवायला तिला बारामतीला घेऊन गेला होता. परतताना त्यानं गाडी एका चकचकीत हॉटेलाच्या बाजूनं आत घातली. मुक्ताबाई दार उघडायला लागल्या तसा तो हसला.

"आई, हे ड्राइव्ह-थ्रू आहे. इथं उतरायचं नसतं. आधी काय हवं ते सांगायचं, पुढच्या खिडकीशी घ्यायचं आणि निघायचं."

"आन बसायचं कुठं?"

"बसायचं कशाला?"

खिडकीतून एका पोरीनं मान वर न करता पुडकं पुढं केलं. मुक्ताबाईंना राहवलं नाही. त्या लेकाच्या अंगावरून वाकल्या.

"जेवलीस का गं, बाई?"

पोरगी दचकली. "न्हाय मावशी, आजून."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. विजयसिंहाचं तोंड कडू झालं. "तिच्याशी काय बोलत बसतेस? घेतलं की निघायचं असतं."

तेलकट वास गाडीभर पसरला. मुक्ताबाईंनी मागं वळून त्या खिडकीकडं पाहिलं. आपलं फाटक म्हणजे हीच खिडकी, आणि आत उभी ती आपणच. पोटच्या पोराची त्यांना शिसारी आली. पळत जाऊन ही सवय आपणच लावली, म्हणून स्वतःचीही आली.

फाटकाशी गाडी थांबली. इंजिन चालूच.

"आबास्नी भेटून जा, विजू. दोनच मिन्टं."

"पुढच्या वेळी नक्की. तूप तेवढं आण पटकन."

मुक्ताबाई आत गेल्या. भरून ठेवलेल्या बरणीला त्यांनी हात लावला नाही. खाटेवर बसून नवऱ्याचे पाय चेपू लागल्या. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा चांगला लांबलचक वाजला. मग गाडी वळल्याचा आवाज आला आणि दूर गेला.

"इजू आला व्हता का?" मानसिंगरावांनी जड जिभेनं विचारलं.

"न्हाय," मुक्ताबाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक व्हतं."