बेचाळीस खडूच्या खुणा

मिस्त्रींच्या उजव्या कानातून रक्त आलं ते दुपारी एकच्या सुमाराला, कॅन्टीनमध्ये, डबा उघडता उघडता. आधी त्यांना वाटलं घाम ओघळतोय. बाहीने पुसला तर बाही लाल. समोर बसलेला स्टोअरकीपर खुर्ची मागे सारून उभाच राहिला, तर मिस्त्री त्यालाच म्हणाले, "बस, बस, जेव तू. काही झालेलं नाही." जणू रक्त दुसऱ्याच कुणाचं होतं. पुढच्या दोन मिनिटांत शर्टाचा खांदा भिजला आणि मग मात्र स्टोअरकीपरने त्यांचं काही ऐकून घेतलं नाही. घरी फोन गेला, रिक्षा आली, बायको थेट कानाच्या डॉक्टरांच्या दारातच भेटली.

ह्या कानाविषयी थोडं सांगायला हवं. मिस्त्री कागदाच्या कारखान्यात होते. तिथे ओला कागद वाळवायला माणसाहून उंच, वाफेने तापवलेले रोलर असतात. एकवीस रोलर, प्रत्येकाच्या दोन टोकांना दोन बेअरिंग, म्हणजे बेचाळीस. वर्षातून एकदा मशीन बंद ठेवून डागडुजी होते. मग ते सावकाश फिरवतात आणि मिस्त्री हातभर लांब सळई घेऊन निघतात. सळईचं एक टोक बेअरिंगवर, दुसरं उजव्या कानाशी. डावा कान यंत्रांच्या गोंगाटाने केव्हाच कामातून गेला होता, अगदी जवळून मोठ्याने बोललेलं तेवढं त्याला कळे; सगळी भिस्त उजव्यावर. आतून खरखर आली की बेअरिंग बदलायचं. नाही आली की मिस्त्री त्यावर खडूने बरोबरची खूण करत, आणि त्या खुणेनंतर कुणी त्या बेअरिंगकडे वळूनही बघत नसे. तीस वर्षांत एक खूण चुकली नव्हती. हे मिस्त्री स्वतःहून सांगत नसत असंही नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची झडप बदलली होती. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, आणि रक्ताची तपासणी दर महिन्याला. ह्या महिन्याची तपासणी डागडुजीच्या धांदलीत राहून गेली. त्यात गुडघा धरला. पंधरा दिवस मिस्त्री कोपऱ्यावरच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून चण्यासारख्या खात होते. गुडघा खाली, हृदय वर, दोघांचा संबंध काय, असं त्यांचं शास्त्र.

डॉक्टरांनी कान साफ केला, आत बराच वेळ पाहिलं, आणि सगळी हकीकत विचारून घेतली. दुखण्याच्या गोळ्यांचं नाव निघताच त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"रक्त पातळ करायच्या गोळीवर ह्या गोळ्या? कुणी सांगितल्या?"

मिस्त्री भिंतीकडे बघत राहिले. बायको त्यांच्याकडे बघत राहिली.

"पडद्याच्या मागे रक्त साठलंय, तेच फटीतून बाहेर आलं," डॉक्टर मोठ्या आवाजात म्हणाले. "कान कधीपासून बंद वाटतोय?"

"परवापासून. अंघोळीचं पाणी गेलं असेल असं वाटलं."

"आत धडधड ऐकू येते?"

"येते."

"ती तुमचीच नाडी. दुखण्याच्या गोळ्या आजपासून बंद. पण रक्ताची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, नाहीतर झडपेवर गाठ धरेल. आत्ताच रक्त तपासू, तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी मी बोलतो. ऐकू किती येतंय तेही बघून घ्या."

रक्त काढून झालं आणि दोघं बाहेरच्या बाकावर बसली. कानाचा दवाखाना म्हणजे काय विचारता, तिथे प्रत्येक जण दुसऱ्याला बहिरा समजून बोलत असतो. मिस्त्रींना त्यातलं काहीच धड कळत नव्हतं. ते सारखे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. पावणेतीन. चारला मशीन पूर्ण वेगाने सुरू व्हायचं होतं. ते उठले, पाण्याच्या पिंपापर्यंत गेले, पाणी न पिताच परत आले. पुन्हा उठले.

"अहो, बसा की जरा. पायाला भिंगरी लागलीय का?" बायको म्हणाली.

ते बसले आणि पाय हलवायला लागले. धडधडीची गोष्ट त्यांना ठाऊक होती. सकाळी पाचव्या बेअरिंगला सळई लावली तेव्हा आतून धप्‌ धप्‌ आलं. सहाव्यालाही तेच, सातव्यालाही. मग त्यांनी सळई सरळ भिंतीला लावून पाहिली. भिंतीतूनही धप्‌ धप्‌. म्हणजे दोष आपल्या डोक्यात आहे, बेअरिंगमध्ये नाही. तेवढी धडधड वजा करून उरलेलं ऐकायचं, असं ठरवून त्यांनी बेचाळीसही पुरी केली होती. स्वतःच्या हुशारीवर खूश झाले होते. आता मात्र त्यांना राहून राहून वाटत होतं, की वजा केल्यावर उरलं होतं काय?

तपासणीच्या खोलीत त्यांना काचेच्या एका पेटीत बसवलं, कानांवर डबे चढवले, हातात बटण दिलं. बाहेरच्या मुलीने खुणेने सांगितलं, आवाज आला की दाबा. मिस्त्रींनी मान डोलावली. डाव्याचं लवकर आटपलं. उजव्याची पाळी आली तशी ते सावरून बसले. पहिले काही जाड, घुमणारे आवाज आले. त्यांनी बटण दाबलं. मग बराच वेळ काही नाही. इतका वेळ कसा नाही? आला असेल, आपल्या हातून निसटला असेल. त्यांनी दाबलं. थोडं थांबून पुन्हा दाबलं. मग एक अंदाज बांधून, ठरावीक अंतराने, चांगल्या विद्यार्थ्यासारखं दाबत राहिले.

मुलीने दार उघडलं आणि त्यांच्या डाव्या कानाशी वाकली.

"काका, मी आवाज दिलाच नव्हता. तुम्ही उगाच दाबताय."

"दिला असशील."

"गेली दोन मिनिटं मशीन बंद आहे. बारीक आवाज तुम्हाला एकही येत नाही. न आलेल्याला आला म्हणू नका ना, नाहीतर डॉक्टरांना कळणार कसं?"

मिस्त्रींनी बटण खाली ठेवलं. मुलीसमोर लाज गेली म्हणून नव्हे. सकाळी मशीनपाशी त्यांनी अगदी हेच केलं होतं. सळई लावली, थोडा वेळ थांबले, आता झालं असेल म्हणून खूण केली. पुढचं. बारीक खरखर आली नाही, कारण बारीक काही येतच नव्हतं. आणि हे त्यांना सकाळीही थोडंथोडं माहीत होतं. ते भ्याले होते. कान गेला म्हणजे मिस्त्री गेला, उरला तो गुडघा धरून बसणारा एक म्हातारा. त्या म्हाताऱ्याला टाळायला त्यांनी खडू चालवला होता.

कानात कापूस घालून घेऊन बाहेर आले तेव्हा पावणेचार होऊन गेले होते. खिशातून फोन काढला, उजव्या कानाला लावला, डाव्याला लावला, परत खाली घेतला. पलीकडचं ऐकू येणार नव्हतं. फोन बायकोलाच करावा लागणार होता, आणि पूर्ण वेगात मशीन फिरत असताना रोलरच्या तोंडाशी उभा राहून हाताने कागद ओवणारा माणूस तिचा सख्खा धाकटा भाऊ होता. सगळे त्याला लंबू म्हणत.

"अगं," मिस्त्री म्हणाले, "लंबूला फोन लाव."

"आत्ता? त्याला कशाला काळजी लावायची? संध्याकाळी सांगू."

"मशीन सुरू करू नको म्हणावं."

तिने त्यांच्या हातातला फोन घेतला आणि विचारलं, "का?"

"सकाळी मला ऐकू येत नव्हतं. तरी मी सगळ्यांवर खुणा केल्या. एखादं बेअरिंग खराब असलं तर पूर्ण वेगात फुटेल. आणि तो तिथेच उभा असतो."

बायकोचा चेहरा उतरला. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं मिस्त्रींना वाटलं. तिने फोन लावला. दोनदा उचलला गेला नाही, तिसऱ्यांदा उचलला. ती बोलली, थांबली, पुन्हा बोलली, हात उडवून काही समजावलं. मिस्त्री तिचे ओठ बघत बसले.

"काय म्हणतो?"

ती डाव्या कानाशी आली. "हसतोय. म्हणतो, दाजींचं आजारपणात डोकं फिरलंय. दाजींची खूण आहे म्हणजे झालं. वाफ सोडलीय, पाच मिनिटांत वेग देतोय."

मिस्त्रींनी फोन तिच्या हातातून ओढून घेतला. कानाला लावलाच नाही, तोंडासमोर धरला आणि उभे राहून ओरडले.

"लंबू! खुणा खोट्या आहेत! मी बहिरा झालोय! ऐकलंस का? मला एकही बेअरिंग ऐकू आलं नाही, मी नुसता खडू ओढत गेलो! वाफ बंद कर! एकूण एक तपासायला लाव, दुसऱ्या कुणालाही लाव!"

सगळा दवाखाना गप्प झाला. ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांनीही माना वळवल्या. मिस्त्रींच्या कानातला कापूस पुन्हा लाल व्हायला लागला होता. बायकोने फोन परत घेतला आणि बराच वेळ ऐकत राहिली.

"केली का बंद?"

तिने मान हलवून हो म्हटलं. पण फोन ठेवल्यावर तिचे डोळे भरून आले होते.

"अगं बोल ना. काय म्हणाला?"

ती पदराने डोळे पुसून त्यांच्या डाव्या कानाशी वाकली.

"म्हणाला, एकतीस नंबर सकाळपासून त्याला खरखरल्यासारखा वाटत होता. पण खूण तुमची होती. म्हणून म्हणे, आपल्याच कानाचा भास असेल असं समजून तो गप्प बसला."

दवाखान्यातला गलका पुन्हा सुरू झाला होता. पण पुन्हा सांग, असं मिस्त्रींना म्हणावं लागलं नाही.