वाघाच्या कानातली डबी

पाचोडच्या आठवडी बाजारात त्या दिवशी भाजीपेक्षा जास्त गर्दी व्याघ्रनाथ महाराजांच्या मांडवात होती. महाराजांच्या चिमटीत सुपारीएवढं पोकळ हाड होतं.

"ही वाघाच्या कानातली डबी! रानात पान हललं तरी वाघाला कळतं. का? हिच्यात नाद साठतो, माय! बहिऱ्याला लावली की नाद त्याच्यात उतरतो!"

त्यांनी डबी सहा वर्षांच्या श्रेयाच्या कानामागं टेकवली. पोरगी दचकली. "आई, खर्र वाजलं!"

मांडवात जयघोष उसळला. श्रेयाच्या आईच्या, रूपाच्या डोळ्यांना धार लागली. वर्षभर लेकीचा कान वाहत होता, मागून मारलेली हाक तिला ऐकू येत नव्हती. कानाच्या फाटलेल्या पडद्याचं शहरात सोमवारी ऑपरेशन ठरलेलं.

"आता सुरी लावू नको," महाराज म्हणाले. "ह्याच डबीतून कानात कढतं तेल सोडतो. एकवीस दिवस मेणानं बंद."

शेगडीवर तेल तापतच होतं.

रूपाची मावशी सत्यभामा मागं उभी होती. उस्मानपुऱ्यातल्या एका कॉलेजात प्राण्यांच्या कवट्या पुसण्यात तिची वीस वर्षं गेली होती. आज संकष्टी, सकाळपासून नुसता चहा. मांडवातला प्रसाद तिनं महाराजांसमोरच उपास सांगून नाकारला होता. पण आता तिला राहवेना. फाटक्या पडद्याच्या कानात कढतं तेल?

"महाराज, ती डबी बघू द्या जरा."

"उपास करता अन् शंका घेता, माय?"

"उपास गणपतीचा हाय, हाडाचा नाय."

कुणीतरी फिसकन हसलं. रूपानं तिचा पदर ओढला. "मावशे, गप की! तुला लेकरू नाय, तुला काय कळतंय?"

शब्द काळजात घुसला. तरी सत्यभामाची नजर शेगडीवरच्या तेलावरच होती.

महाराजांनी श्रेयाचं डोकं मांडीवर आडवं केलं. पळी तेलात बुडाली.

सत्यभामानं शेजारच्या टपरीवरचा चमचा उचलला, दोन ढांगांत पुढं गेली, श्रेयाच्या कानामागच्या हाडावर दांडा टेकवला आणि नखानं चमचा खरवडला.

"खर्र!" श्रेया ओरडली. "तसंच वाजलं!"

"हा चमचा काय वाघाचा नाय," सत्यभामा हळूच म्हणाली. "बाहेरचा आवाज पडद्यावर पडतो, मग तीन इवल्या हाडांवरनं आत जातो. हिचा पडदा फाटलाय, ती वाट मोडली. पण कानामागं खरवडलं की आवाज हाडातनंच आत पोचतो. महाराजांचं अंगठ्याचं नख बघा, केवढं वाढवलंय! त्यानंच डबी खरवडली."

"डबी वाघाचीच हाय!" महाराज गरजले.

"मग फोडू. वाघ मांजराच्या कुळातला. त्या कुळात कानाच्या ह्या डबीत मधी हाडाची भिंत असती, दोन खोल्या. कुत्र्या-कोल्ह्यांत तशी भिंत नाय. चार-पाच कोटी वर्षांमागं ही दोन घरं वेगळी निघाली."

सर्जेराव भाजीवाल्यानं किलोचं माप पुढं केलं. डबी चटकन फुटली.

आत एकच खोली.

"कुत्रंच की वो!" सर्जेराव म्हणाला.

"अन् वाघाची असती तर वनखात्याला फोन लावला असता," सत्यभामा म्हणाली. "बोला महाराज, कुत्रं का वाघ?"

महाराज मांडवाच्या मागून कधी सटकले, कळलंही नाही. तेल शेगडीवर तसंच धुमसत राहिलं.

रूपानं लेकीला पोटाशी घट्ट धरलं होतं. तिला वर बघवेना. "मावशे, मघाशी मी..."

"राहू दे. सोमवारी मी येते. गणपतीला दूर्वा मी वाहीन, कान डॉक्टर बघतील."

देवापुढं हात जोडावेत, डोळेही मिटावेत. पण कुणी लेकराच्या कानाशी तेलाची पळी आणली, तर डोळे उघडावेत आणि आधी डबी फोडून बघावी.