चव्वेचाळिसाव्या आठवड्याचा टायर

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. हे मी छाती फुगवून सांगतो, कारण मी जुना आहे एवढी साधी गोष्ट माणसांच्या गळी उतरायला अडीच वर्षे लागली. ज्याच्या अंगावर जन्मतारीख उठवलेली असते त्याचे वय चुकू नये. पण माणसे हुशार असतात, ती चुकवतात.

माझा जन्म च्यांगह्वा शहरातल्या एका कारखान्यात झाला. कच्चे रबर, त्यात दोऱ्यांचे थर, दोन्ही कडांना तारेचे कडे, आणि मग वाफेने तापलेला साचा. साचा उघडला तेव्हा माझ्या अंगावर खोल, रेखीव खोबण्या उमटल्या होत्या आणि कुशीवर एका लंबगोलात चार आकडे : ४४१४. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. दोन हजार चौदा सालचा चव्वेचाळिसावा आठवडा. दुसरा कसलाच अर्थ त्यात नव्हता.

पण आमच्याकडच्या चिनी बोलीत ‘चार’ म्हटले की कानाला ‘मरण’ ऐकू येते. दोन्हींचा उच्चार तेवढा जवळचा आहे. इमारतींच्या लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यानंतर थेट पाचवा येतो, आणि चौथ्यावर राहणारी माणसे आपण पाचव्यावर राहतो असे खुशाल सांगतात. आणि माझ्या अंगावर तर चार आकड्यांत तीन चौके!

कीलुंग बंदरात, देवळाच्या चढाच्या पायथ्याशी, वेंग मिस्त्रींचे दुकान आहे. तिथल्या फळीवर मी सहा वर्षे बसलो. सहा वर्षांत एकोणीस गिऱ्हाइकांनी मला खाली उतरवले, थोपटले, वास घेतला, आकडा पाहिला आणि परत वर ठेवले. एकाने तर हात धुतले. समोरच्या काचेतून दुपारचे ऊन माझ्या अंगावर पडायचे, शेजारी मिस्त्रींची चहाची शेगडी धगधगायची. माझे रबर न धावताच वाळत चालले होते.

विसावे गिऱ्हाईक शुईमू. तीस वर्षे गॅसचे सिलिंडर घरोघर पोचवणारा माणूस. मिस्त्रींनी मला अर्ध्या भावात देऊ केले आणि आकडाही प्रामाणिकपणे दाखवला.

“हॅ!” शुईमू म्हणाला. “माझ्या पाठीशी रोज चाळीस किलो गॅस बांधलेला असतो, मिस्त्री. मला चौक्यांची भीती घालता?”

दुकानातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मोठा छातीचा माणूस! त्याच संध्याकाळी या मोठ्या छातीच्या माणसाने घराचे दार आतून लावले, काळ्या रंगाचा डबा काढला आणि माझ्या आकड्यांवर तीन हात दिले. फुंकर मारून वाळवलेसुद्धा. तेव्हापासून मला वय उरले नाही.

मित्रांनो, कीलुंगमध्ये पाऊस येतो असे कुणी म्हणत नाही, कारण तो जातच नाही. त्या पावसात मी शुईमूच्या स्कूटरच्या मागच्या चाकावर बसून देवळाचा चढ रोज सतरा वेळा चढलो. आणि माझे कौतुक काय सांगू! इतर गाड्यांचे मागचे टायर वर्ष-दीड वर्षात चपटे व्हायचे. माझ्या खोबण्या मात्र जशाच्या तशा. शुईमू गिऱ्हाइकांना मला दाखवायचा : “झिजतच नाही बघा! असा माल आता येत नाही.” लोक वाकून पाहायचे. मला गुदगुल्या व्हायच्या. खरे कारण मला ठाऊक होते. मऊ रबर रस्त्याला धरते, म्हणून झिजते. मी वाळून खडखडीत झालो होतो. मी रस्त्याला धरतच नव्हतो, मग झिजणार कशाला?

देवळाच्या वळणावर रस्त्यात एक रुंद पांढरा पट्टा रंगवलेला आहे. ओला झाला की तो मासळीच्या पाठीसारखा निसटता होतो. दुसऱ्या वर्षीच्या एका सकाळी त्याच पट्ट्यावर मी निसटलो आणि शुईमू गुडघ्यावर आपटला. आजूबाजूला कुणी नव्हते. त्याने उठून गाडी उचलली, चारही दिशांना पाहिले आणि घरी जाऊन सांगितले, “जिन्यावर पाय चुकला.” गुडघा काही बरा होईना. शेवटी त्याने तैपेईहून मुलीला बोलावले.

ही मुलगी, पेईशान, तिथे भाताचे तयार मुटके विकणाऱ्या, अहोरात्र उघड्या असणाऱ्या एका दुकानात पाच वर्षे कामाला होती. आली, पहिल्याच दिवशी सिलिंडर खांद्यावर घेतला आणि तीन मजले चढली. आळी पाहतच राहिली. पण पहिल्याच आठवड्यात ती वळणावर घसरली. आळीने लगेच निदान केले. वळणावरच माशाच्या गोळ्यांचे सूप विकणारी श्युमान मावशी तर कढईवरून नजर न काढता म्हणाली, “सिलिंडर पेलला म्हणून गाडी पेलते असं नाही गं बाई.”

“मावशी, तुमच्या सुपात आज गोळे कमी आणि शहाणपणच जास्त आहे,” पेईशान उठत म्हणाली. पण तिचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या आठवड्यात ती पुन्हा घसरली. तिसऱ्या खेपेला तर एक सिलिंडर सुटला आणि देवळाच्या पायऱ्यांवरून ठण्‌ ठण्‌ करीत खाली गेला. पायथ्याशी दुकान असलेल्या न्हाव्याच्या कुंड्या फोडून तो थांबला. सुदैवाने तो रिकामा होता आणि कुणाला लागले नाही. पण तो आवाज अख्ख्या उताराने ऐकला.

शुईमू लंगडत बाहेर आला. “बास झालं. बंदराकडचा तो गॅसचा ठेकेदार कधीपासून हा चढ, म्हणजे इथली सगळी गिऱ्हाइकं, मागतोय. सोमवारी देऊन टाकतो त्याला. गाडी विकतो. तू आपली परत जा तैपेईला आणि भाताचे मुटके मोजत बस.”

“आबा, मी वेगात नव्हते.”

“पडणारे सगळे हेच म्हणतात.”

“आबा, मला हे काम करायचंय.”

“काम म्हणजे हौस नाही. उद्या भरलेला सिलिंडर सुटला तर?”

तिने वाकून तो रिकामा सिलिंडर उचलला. मित्रांनो, उत्तर माझ्याकडे होते. पण टायराला तोंड नसते. जे काही बोलायचे होते ते माझ्या कुशीवर लिहिलेले होते, तीन हात काळ्या रंगाखाली. माझ्या पापाची शिक्षा तिला होत होती आणि मी गोल गोल फिरण्यापलीकडे काही करू शकत नव्हतो.

शनिवारी पेईशानने गाडी ढकलत वेंग मिस्त्रींकडे नेली. मिस्त्रींनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि माझ्या खोबणीत दहाचे नाणे उभे खोचले.

“हे बघ. खोबणीच्या तळाशी हा बारीक उंचवटा दिसतो ना? झिजून झिजून रबर त्याच्या बरोबरीला आलं की टायर संपला. याचं अजून किती बाकी आहे बघ. टायर ठणठणीत आहे!”

“मग मी पडते का?”

“टायर मला बदलता येतो, पोरी. चालवणारा कसा बदलू?”

सुपाचा डबा द्यायला आलेली श्युमान मावशी फिस्सकन हसली. पेईशान हसली नाही. तिने अंगठ्याचे नख माझ्यात रुतवून पाहिले. मग फळीवरच्या एका नव्या टायरात रुतवले.

“तो दबतो. हा दबत नाही.”

“कडक आहे म्हणून तर टिकलाय!”

“आणि या भेगा?”

“बारीक आहेत गं. तुझ्या मिस्त्रीकाकाच्या तोंडावर याहून जास्त आहेत.”

“काका, पाच वर्षं मी तारखा वाचल्यात. मुटका दिसायला कितीही गोंडस असो, तारीख उलटली की उचलायचा. याची तारीख कुठे आहे?”

“टायर म्हणजे काय मुटका आहे?”

“नाही. मुटक्यानं फार तर पोट बिघडतं.”

पेईशानने फळीवरचे टायर एकेक करून पाहिले. प्रत्येकाच्या कुशीवर लंबगोल, लंबगोलात चार आकडे. मग ती माझ्यापुढे उकिडवी बसली आणि मला इंच इंच फिरवू लागली. काळ्यावर काळा रंग पटकन दिसत नाही. पण तिचे बोट त्या जागेवर अडखळले. माझ्यात हवा आधीच कोंडलेली होती म्हणून बरे. नाहीतर मी श्वास रोखला असता.

तिने पेट्रोलचा बोळा घेतला.

“राहू दे, पोरी,” मिस्त्री चुळबुळत म्हणाले. “काही गोष्टी झाकलेल्याच बऱ्या.”

बोळा फिरला. एक चार. दुसरा चार. एक. आणि पुन्हा चार.

“अगं बाई!” श्युमान मावशीने आधी सुपाच्या डब्यावर हात धरला. “झाक ते! झाक आधी!”

“मावशी, मरण नाही ते. तारीख दिसतेय. काका, वाचा.”

“मी कशाला…”

“तुम्हाला येतं वाचता. वाचा.”

मिस्त्रींनी घसा खाकरला. “चव्वेचाळिसावा आठवडा. चौदा साल.”

“आणि आता तेवीस. किती झाली?”

मिस्त्रींना उत्तर माहीत होते, तरी त्यांनी बोटांवर मोजले. माणसाला वेळ हवा असला की तो बोटे मोजतो. “साडेआठ. पाच उलटली की लक्ष ठेवायचं असतं, हे खरं. मी खोबण्याच बघत बसलो. अडीच वर्षांचा आहे असंच डोक्यात होतं. सहा वर्षं माझ्याच फळीवर वाळला, ते धरलंच नाही.”

दारात कुणीतरी उभे होते. शुईमू. किती वेळ होता कोण जाणे. त्याची नजर माझ्या उघड्या आकड्यांवर खिळली होती.

“रंग मी लावला,” तो म्हणाला.

पेईशानने बोळा खाली ठेवला.

“वाटलं, आकडा झाकला की अपशकुन झाकला जाईल.” तो आत येऊन स्टुलावर बसला. गुडघा सरळ करताना त्याचे तोंड वाकडे झाले. “आणि हा जिन्यावर नाही आपटला. त्याच वळणावर आपटला. त्याच पट्ट्यावर.”

“आबा! अन् मला म्हणालात, तुला चालवता येत नाही?”

“तीस वर्षं सिलिंडर नेणारा माणूस पडला म्हटल्यावर आळी काय म्हणाली असती?”

“जे पोरीला म्हणाली तेच,” श्युमान मावशी म्हणाली. मग जरा ओशाळून, “म्हणजे मीच म्हणाले असते.”

शुईमू मुलीकडे पाहत होता. “चूक तुझी नव्हती, पोरी. मला माहीत असायला हवं होतं. थोडंफार माहीतही होतं.” मग तो मिस्त्रींवर ओरडला, “बघत काय बसलात? उतरवा त्याला!”

मित्रांनो, चाकावरून उतरवले जाणे म्हणजे अपमान असे तुम्हाला वाटेल. हत्यार माझ्या कडेखाली शिरले, मी रिंगवरून सुटलो आणि जमिनीवर धपकन पडलो. इतके हलके मला कारखान्यातून निघतानाही वाटले नव्हते. मिस्त्रींनी फळीवरचा पुढचा टायर ओढला. पेईशानने त्याचा लंबगोल वाचला आणि मान हलवली.

“मागचा द्या.”

“अगं, सगळे सारखेच!”

“काका, दुकानात आम्ही जुना माल पुढे लावायचो आणि ताजा मागे. मागचा द्या.”

मागचा टायर दोन महिन्यांचा निघाला. मिस्त्रींनी तो चढवला आणि बजावले, “पहिले दोनशे किलोमीटर जपून. नवं कातडंसुद्धा निसरडं असतं. सपाटीवर फिरव, मग चढाचं बघ.” तिने ते ऐकले. पाच दिवस बंदरावर गाडी फिरवली. सोमवारी ठेकेदाराचा फोन आला तेव्हा शुईमूने त्याला शुक्रवारपर्यंत थांबायला सांगितले.

शुक्रवारी धो धो पाऊस होता. मी मिस्त्रींच्या दाराशी खांबाला टेकून उभा होतो, चढ तिथून पुरा दिसतो. पेईशानने दोन भरलेले सिलिंडर बांधले, दोर दोनदा ओढून पाहिला आणि निघाली. न्हावी कात्री हातात घेऊन बाहेर आला. श्युमान मावशीने कढईखालची आच कमी केली. नेमकी वळणावर वरून छोटी बस आली आणि पेईशानला कडेला सरकावे लागले, सरळ त्या पांढऱ्या पट्ट्यावर. चाक पट्ट्यावर चढले. पाणी खोबण्यांतून दोन्ही बाजूंना पिचकारीसारखे उडाले. रबर दबले, धरले, आणि गाडी एका दमात वळण घेऊन वर गेली! देवळापाशी पोचून तिने हात हलवला आणि हॉर्न वाजवला. एकदा नाही, तीनदा.

“हँडल धर! हात कशाला करतेस, हँडल धर!” शुईमू खालून ओरडत होता आणि स्वतः दोन्ही हात हलवत होता. श्युमान मावशीने पावसात हाक मारली, “ए शेठाणी! पुढच्या खेपेला माझा सिलिंडर आण. संपत आलाय!” त्या चढावर ‘शेठ’ ही पदवी आजवर फक्त पेईशानच्या बापाला मिळत होती. शुईमूने तिथेच, भिजत, ठेकेदाराला फोन लावला. “चढ द्यायचा नाही,” तो म्हणाला. “चालवणारा आहे आमच्याकडे.”

आता मी त्यांच्या गोदामात आडवा पडून असतो. ट्रकवरून सिलिंडर उतरतात ते माझ्यावर आपटून, म्हणजे फरशी फुटत नाही. या कामाला माझा कडकपणा अगदी योग्य आहे. पेईशानने आता तीन गाड्या केल्या आहेत आणि प्रत्येक महिन्याच्या पहिल्या दिवशी ती चाकांपुढे उकिडवी बसते.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीपाशी जा. खोबणीत नाणे घाला, ते करायलाच हवे. पण तेवढ्यावर थांबू नका. नख रुतवून बघा, भेगा बघा आणि कुशीवरचे चार आकडे मोठ्याने वाचा. आणि कुणी घसरले, तर त्याला नावे ठेवण्याआधी चाकाकडे वाकून पाहा. मला वेळेत उतरवले, म्हणून ही गोष्ट मी सांगतो आहे. नाहीतर ती पोलिसांच्या पंचनाम्यात लिहिली गेली असती.