कोतर बुजवणाऱ्यांची शेजारीण

मित्रांनो, घाबरू नका. मी जेवून आले आहे.

मी विश्वामित्री नदीतली एक जुनी मगर. बडोद्यात माणसं आणि मगरी एकाच गावात राहतात, हे ऐकून बाहेरचे पाहुणे पुलावर थांबतात आणि आमचे फोटो काढतात. आम्हीही त्यांच्याकडे बघतो. कोण किती वाकलंय, कोणाच्या हातात लहान मूल आहे, एवढं सहज लक्षात येतं. पण ते असो.

माझा जन्म काठावरच्या मातीत झाला. अंड्यातून निघाल्यावर आईने मला तोंडात धरून पाण्यापर्यंत नेलं. तुमच्या आया तुम्हाला स्कूटरवरून शाळेत सोडतात, त्यातलाच हा प्रकार. आमच्यात फक्त आईचे दात जास्त दिसतात. मोठी झाल्यावर मी स्वतःसाठी एक कोतर शोधलं. कोतर म्हणजे नदीच्या पाण्यानेच काठात पाडलेली खोल घळ. उन्हाळ्यात ती कोरडी असते, म्हणून माणसांना वाटतं, जागा फुकट पडली आहे. पावसाळ्यात नदी फुगली की जादा पाणी कोतरात येऊन बसतं आणि नदी उतरली की निमूटपणे परत जातं. पाहुण्याला टेकायला जागा देणं, एवढंच कोतराचं काम.

माझ्या कोतराच्या एका काठावर मी दर वर्षी अंडी घालायची. दुसऱ्या काठावर एक मराठी चर्च आहे.

शेजार चांगला मिळाला. रेल्वेत आणि रिफायनरीत नोकरीला आलेली ही माणसं, आता बहुतेक पेन्शनीत निघालेली. रविवारी गायनं म्हणायची, हंगामाच्या सणाला दुधी आणि पपया वेदीपुढे रचायची, ख्रिसमसला मटण शिजवायची. हाडं कोतरात टाकायची. मी कधी तक्रार केली नाही. चर्चचा कारभार पंच कमिटी बघायची आणि ती मागच्या ओट्यावर बसायची. ओट्याचं तोंड कोतराकडे. त्यामुळे मंडळीत काय चाललंय याची माहिती मला पंचांइतकीच होती. पंच मधूनमधून झोपायचे. मी डोळे मिटले तरी जागी असायची.

चर्चच्या मागे क्वार्टर्सची ओळ आहे. शेवटच्या, सगळ्यात खालच्या क्वार्टरमध्ये स्नेहलताबाई साळवे राहतात. निवृत्त शिक्षिका, नवरा वारलेला. लग्न होऊन आल्या त्या याच घरात, आणि इथूनच जाणार असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय. संडे स्कूलची मुलं घेऊन त्या कोतराच्या कडेला येत आणि मला दाखवत.

“ही बघा. देवानं हिलाही घडवलं. आणि घडवून झाल्यावर म्हणाला, छान झालंय.”

सानवी नावाच्या एका मुलीने विचारलं, “बाई, नक्की हिला बघून म्हणाला?”

“हो. तेव्हा हिचं तोंड मिटलेलं असेल.”

मित्रांनो, आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढंच.

मग ऊन बदललं. तुमच्यात यावर वाद आहे, माझ्या अंड्यांत नाही. आमच्यात मुलगा होणार की मुलगी, हे घरट्यातल्या मातीच्या उबेवर ठरतं. पूर्वी भाऊबहिणी मिळून निघायच्या. अलीकडे माती अशी तापते की निघतात ते सगळे मुलगेच. पंच कमिटीसारखे.

या कमिटीचे अध्यक्ष लक्ष्मणराव साळवे, स्नेहलताबाईंचे धाकटे दीर. रिफायनरीतून निवृत्त, अंगाने भरदार, मनाने लोणी. वहिनींचं गॅस सिलिंडर आजही स्वतः उचलून आणणारा माणूस. त्यांनी ठरवलं की थोरल्या भावाच्या नावाने चर्चला हॉल बांधायचा. ‘कै. बाळकृष्ण साळवे स्मृती सभागृह.’ जागा? कोतर. फुकट पडलंय, बुजवू.

ठराव ओट्यावर आला. स्नेहलताबाई पंच नाहीत. त्या ओट्याच्या पायरीवर बसून तूर निवडत होत्या.

“भाऊजी, पावसाळ्यात त्यात पाणी येतं. ते कुठं जाईल?”

“ए तो थाय, वहिनी,” लक्ष्मणराव म्हणाले. बडोद्यात जन्म गेलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य असतंच. व्हायचं ते होतंच, असा त्याचा अर्थ, आणि त्यानंतर कोणी काही करायचं नसतं.

“पाऊस पूर्वीसारखा राहिलेला नाही. आठवड्याचा एका दुपारी पडतो.”

“ते हवामानबदल वगैरे टीव्हीवाल्यांचं फॅड आहे. मी पण इंजिनीयर आहे. आणि देवानं शब्द दिलाय ना? महापूर ओसरून तारवातून सगळे उतरले, तेव्हा आभाळात इंद्रधनुष्य ठेवून सांगितलं, पुन्हा पाण्यानं पृथ्वी बुडवणार नाही. बस. विश्वास आहे की नाही?”

पंचांनी माना डोलावल्या. जे झोपले होते त्यांच्याही आपोआप डोलल्या.

स्नेहलताबाईंनी तुरीतला खडा काढून टाकला. “सगळी पृथ्वी बुडवणार नाही म्हणाला. माझ्या क्वार्टरबद्दल काही बोलल्याचं मला आठवत नाही. आणि भाऊजी, तो शब्द एकट्या माणसाला नव्हता. तारवातून उतरलेल्या सगळ्या जिवांना होता.”

इथे मी कान टवकारले. तारवाबद्दल, म्हणजे महापुरातल्या त्या मोठ्या जहाजाबद्दल, आमच्याकडची माहिती थोडी वेगळी आहे. आम्हाला आत जायची गरज पडली नाही. आम्ही शेजारून पोहत गेलो. पण शब्द आमच्यासाठीही होता, हे मला त्या दिवशी कळलं.

वाद पाळकसाहेबांकडे गेला. रेव्हरंड तन्मय, तरुण आणि सगळ्यांना आवडणारे. त्यांनी एका रविवारी उपदेश केला, की देवानं माणसाला बागेत ठेवलं ते तिची मशागत करायला आणि राखायला. माणूस बागेचा मालक नाही, राखणदार आहे. स्नेहलताबाई खूश झाल्या. पुढच्या रविवारी त्यांनी उपदेश केला, की देवाचं घर वाढवणाऱ्यांना आशीर्वाद मिळतो. लक्ष्मणराव खूश झाले. दोन्ही उपदेश इतके सुंदर झाले, की कोतराबद्दल पाळकसाहेबांचं मत काय हे कोणी विचारलंच नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

वाघोडियाच्या कारखान्यांतल्या पाडलेल्या शेडचा राडारोडा भरून डंपर यायला लागले, तेव्हा ऊन चढतीला होतं. स्नेहलताबाई पहिल्या डंपरपुढे जाऊन उभ्या राहिल्या. हातात पदराशिवाय काही नाही.

ड्रायव्हर वरून हाताने बाजूला व्हायची खूण करत म्हणाला, “बेन, खसो ने. मारे बीजा फेरा बाकी छे.”

“फेरे कर की. दुसरीकडे कर.”

लक्ष्मणराव धावत आले. “वहिनी, लोक बघतायत! दादांच्या नावाचा हॉल आहे हा!”

“तुमचे दादा नदी चढली की सगळ्यांत आधी माझ्या साड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन माळ्यावर चढायचे. त्यांचं नाव पाण्याच्या वाटेत उभं करताय?”

लक्ष्मणरावांचे डोळे भरून आले. भावाच्या आठवणीने त्यांचं नेहमी असंच होतं. त्यांनी वहिनींचा हात हळूच धरला, त्यांना बाजूला नेऊन सावलीत खुर्चीवर बसवलं, पाण्याचा ग्लास दिला आणि डंपरला हात केला.

त्या वर्षीची माझी अंडी तिथेच होती. त्याबद्दल मी फार बोलणार नाही. तुम्ही लहान आहात, आणि मी जेवून आले आहे असं सुरुवातीलाच सांगितलं आहे.

कोतर सपाट झालं. जूनमध्ये मंडळीने पर्यावरण रविवार पाळला. बुजवलेल्या जागेच्या कडेला एक रोप लावलं. खड्डा गेल्या वर्षीचाच होता, गेल्या वर्षीचं रोप त्याच खड्ड्यात वाळून गेल्यामुळे नवा खणायचे कष्ट वाचले. फोटो निघाले. लक्ष्मणरावांनी रोपाला पाणी घातलं. त्यांच्या मागे हॉलचे खांब उभे होते.

मग पाऊस आला. आधी दडी मारली, लोक नळाच्या पाण्यासाठी भांडले, आणि नंतर एकदम आला. वरच्या तलावांतून पाणी सुटलं, शहरातलं पाणी नदीत आलं, आणि नदी माझ्या ओळखीची राहिली नाही. सकाळची वेळ, पण उजेड संध्याकाळचा. पाणी आपल्या नेहमीच्या वाटेने कोतराकडे वळलं. तिथे जागा नव्हती. पाण्याने थोडा वेळ फिरून बघितलं. आवाज न करता फिरतं ते, मित्रांनो. मग त्याला क्वार्टर्सची ओळ दिसली.

मी पाण्यात राहते. पाणी जाईल तिथे मला जावं लागतं. तशी मी शेवटच्या क्वार्टरच्या दारातून आत गेले.

स्नेहलताबाई टेबलावर बसल्या होत्या. मांडीवर नवऱ्याचा फोटो, शेजारी औषधांचा डबा. माळ्यावर चढायला आता गुडघे साथ देत नव्हते. पाणी टेबलाच्या पायांवर चढत होतं. त्यांनी मला पाहिलं.

“आलीस?” त्या म्हणाल्या. “पाय पुसायची गरज नाही.”

मी कपाटापाशी थांबले. आम्ही दोघी पाण्याकडे बघत बसलो. बोलण्यासारखं दोघींकडे बरंच होतं.

लक्ष्मणराव आले ते कंबरभर पाण्यातून, ट्रकच्या टायरची ट्यूब ओढत. दारात पोचले आणि थिजले.

“वहिनी, हलू नका. आत मगर आहे.”

“माहीत आहे. तुमच्या आधी आली.”

टेबलापाशी जायला वाट माझ्या शेपटीवरूनच होती. लक्ष्मणरावांचे ओठ प्रार्थना पुटपुटत होते. इंजिनीयर माणूस, किती हात अंतर आहे याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता आणि तो जुळत नव्हता. तरी ते आत आले. त्यांचा पाय माझ्या पाठीला लागला. वहिनींना त्यांनी उचलून ट्यूबवर बसवलं आणि पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागे टाकत बाहेर नेलं.

मी तोंड मिटून होते. मला भूक होती, हे नमूद करून ठेवते.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘मगर घरात घुसली.’ पाणी घुसलं असंही आलं. डंपर घुसले असं काही आलं नाही. प्राणी वाचवणाऱ्या पोरांनी माझं तोंड दोरीने बांधलं, चौघांनी उचलून मला नदीत नेऊन सोडलं. पोरं चांगली होती. एकाने माझ्या डोळ्यांवर ओलं फडकं टाकलं होतं.

पाणी उतरल्यावर कमिटी ओट्यावर बसली. ओट्यावर अजून गाळाचा वास होता. एक पंच म्हणाले, भराव कमी पडला, अजून उंच करू, म्हणजे हॉल तरी सुरक्षित राहील. माना डोलायला लागल्या.

लक्ष्मणराव उभे राहिले. “हवामान बदलतंय, हे मी आजही मानत नाही. लिहून घ्या पाहिजे तर. पण वहिनींच्या घरात जे पाणी गेलं, ते देवानं पाठवलेलं नव्हतं. मी पाठवलं. कोतर उकरा.”

“आणि दादांच्या नावाचा हॉल?”

“दादा भेटतील तेव्हा मी सांगेन त्यांना. माझं मी बघून घेईन.”

पायरीवरून स्नेहलताबाई म्हणाल्या, “मानू नका, भाऊजी. नाही मानलंत तरी चालेल. खणा फक्त.”

तेवढ्यात पाळकसाहेबांनी मध्यममार्ग सुचवला. खांबांवर मंडळीचा पैसा लागलाय, ते राहू देत. खांबांपलीकडचं अर्धं कोतर उकरू. दोन्ही बाजूंचा मान राहील. मत घेतलं. लक्ष्मणराव एकटे पडले. मध्यममार्ग मंजूर झाला आणि त्यासाठी आभाराची प्रार्थना झाली.

आता उन्हाळा संपत आलाय. मी अर्ध्या कोतरात राहते. मातीत काचा आहेत, विटांचे तुकडे आहेत, इथे अंडी घालावीत असं वाटत नाही. आभाळ रोज दुपारी काळं होतं आणि न पडता पुढे जातं. सगळे म्हणतात, यंदा पाऊस कमी. स्नेहलताबाई भाचीकडे सावली गावाला जायला तयार नाहीत. घर धुऊन, पांढरा चुना लावून त्या परत शेवटच्या क्वार्टरमध्ये आल्या आहेत.

मित्रांनो, तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. मोठे झालात की तुम्हीही ओट्यावर बसाल. वाद घाला, शास्त्र काढा, टीव्ही लावा, एकमेकांना हरवा. मला त्यात रस नाही. पण तुमच्या घराखाली आधी काय होतं, हे आजच घरी जाऊन विचारा. कोणाला सांगता आलं नाही, तर पावसाळ्यात वरच्या मजल्यावर झोपत जा. तुमच्या शेजारी राहायला मला आवडतं. तुमच्या घरात यायला मला आवडत नाही. पण मला कोणी विचारत नाही.

काल लक्ष्मणराव हातगाडीवर विटा घेऊन आले. त्यांनी वहिनींच्या खाटेच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा लावल्या, खाट हलवून बघितली, घाम पुसला.

स्नेहलताबाई दारात उभ्या राहून आभाळाकडे बघत होत्या.

“अजून एकेक लावा, भाऊजी.”

ते वाद न घालता विटा आणायला गेले.